गाव नसलेली वाइन

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात ‘रोमाने-कोंती’ नावाचा एक मळा आहे. क्षेत्र जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरांच्या आतबाहेर. जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी एक इथे होते आणि तिची सगळी प्रतिष्ठा एवढ्याशा तुकड्यात सामावलेली आहे. बांधापलीकडचे घड तिच्यात मिसळले, तर ती रोमाने-कोंती राहत नाही. १९३५ मध्ये फ्रान्सने ही रीत कायद्यात बसवली. बाटलीवर ज्या गावाचं किंवा प्रांताचं नाव, त्याच्याच हद्दीतली द्राक्षं हवीत. युरोपात उत्तम वाइनची गोष्ट मातीपासून सुरू होते, ती अशी.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स कंपनीच्या ‘ग्रेंज’ने हा हिशेब मानला नाही. तिच्या बाटलीवर गावाचं नाव नसतं. ‘साउथ ऑस्ट्रेलिया’ एवढंच असतं, आणि ते राज्य महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं आहे. द्राक्षं कुठली, याचं उत्तर दरवर्षी बदलतं. तरीही २००१ मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्टने या वाइनला राज्याच्या वारशात जागा दिली.

ग्रेंज घडवली मॅक्स शूबर्ट यांनी. १९३१ मध्ये ते पेनफोल्ड्सच्या न्यूरिउट्पा इथल्या वायनरीत निरोप्या म्हणून लागले आणि १९४८ मध्ये मुख्य वाइनकार झाले. १९५० मध्ये कंपनीने त्यांना शेरी आणि पोर्ट कशा करतात हे पाहायला स्पेन-पोर्तुगालला पाठवलं. तेव्हा ऑस्ट्रेलियात खप होता तो अशाच गोड, कडक वाइनचा. वाटेत शूबर्ट फ्रान्समधल्या बोर्दोला गेले आणि तिथे त्यांना चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या, तरीही टवटवीत वाइन चाखायला मिळाल्या. असं काही आपल्याकडे का होऊ नये, हे डोक्यात घेऊनच ते परतले.

बोर्दोची नक्कल करायची तर कॅबरने सॉव्हिन्यॉन ही द्राक्षाची जात हवी. ती त्या काळी दक्षिण ऑस्ट्रेलियात फार थोडी होती. शिराझ मात्र मुबलक. शूबर्टनी शिराझ घेतली आणि फ्रेंच ओकऐवजी अमेरिकन ओकची नवी पिंपं वापरली. १९५१ च्या पहिल्या प्रयोगातच दोन ठिकाणची द्राक्षं होती. काही अ‍ॅडलेडच्या कडेला मगिल इथे असलेल्या कंपनीच्या मळ्यातली, काही दक्षिणेकडच्या मॉर्फेट व्हेलची. त्यांना एका मळ्याचं चित्र काढायचंच नव्हतं. मनात एक चव पक्की होती, ती दरसाल जमली पाहिजे, एवढाच हट्ट. मग एखाद्या भागात पाऊस अवेळी आला किंवा उन्हाने मणी सुकले, तर दुसऱ्या भागावर भिस्त ठेवायची.

कंपनीच्या वरिष्ठांना ही वाइन आवडली नाही. १९५६ मध्ये सिडनीत त्यांच्यासमोर ती ठेवली गेली. त्या सुमारास चाखणाऱ्यांपैकी एकाने तिच्यात रानफळांबरोबर चिरडलेल्या मुंग्यांची चव असल्याचा शेरा मारला. (ती चव त्यांना कशी ठाऊक, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.) १९५७ मध्ये उत्पादन थांबवायचा हुकूम आला. शूबर्टनी मगिलच्या तळघरात ते गुपचूप चालू ठेवलं. नव्या पिंपांसाठी पैसे मागणं शक्य नव्हतं, म्हणून तीन हंगाम जुन्यांवर भागवलं. आधीच्या बाटल्या मुरत गेल्या तसं वरिष्ठांचंही मत फिरलं आणि १९६० मध्ये परवानगी परत मिळाली. पुढे एकट्या १९५५ च्या ग्रेंजने पन्नासहून अधिक सुवर्णपदकं मिळवली.

आता द्राक्षांकडे येऊ. ग्रेंजचा कणा बहुतेक वेळा बरोसा खोऱ्यातला. तिथलं ऊन कोरडं, वेली जुन्या. युरोपातले मळे उद्ध्वस्त करणारी फायलॉक्सेरा ही मुळांवरची कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरलीच नाही, त्यामुळे शंभरी ओलांडलेल्या वेली तिथे आजही फळतात. त्यांचा रस दाट, गडद. मॅक्लारेन व्हेल समुद्राच्या आखाताजवळ, तिथल्या शिराझमध्ये मऊपणा येतो. क्लेअर उत्तरेला, उंचावर. दिवसा तापतं पण रात्री गारठा पडतो, म्हणून फळातली आंबटी टिकते. अ‍ॅडलेडपासून रस्त्याने साडेतीनशेहून अधिक किलोमीटर आग्नेयेला कूनावारा आहे, चुनखडीवर लाल मातीचा पातळ थर असलेला थंड पट्टा. बऱ्याच वर्षी ग्रेंजमध्ये चिमूटभर कॅबरने पडते, तिच्यासाठी हाही एक पट्टा.

यात खरी मेहनत वेगळेपणा जपण्याची. एकेका मळ्याचा, कधी मळ्यातल्या एकेका तुकड्याचा माल स्वतंत्र आंबवतात आणि स्वतंत्र पिंपांत ठेवतात. मग चाखणी होते, मळ्याचं नाव झाकून. कुठलं पिंप ग्रेंजमध्ये जाणार आणि कुठलं खालच्या दर्जात, हे जिभेवर ठरतं. गेल्या वर्षी ज्याची द्राक्षं ग्रेंजमध्ये गेली त्या बागायतदाराला यंदाची हमी नसते. कंपनीच्या स्वतःच्या मळ्यालाही नसते. इतकं सांभाळायला विज्ञानही लागतं. पेनफोल्ड्सचे रसायनतज्ज्ञ रे बेकविथ यांनी १९३०च्या दशकातच पीएच मोजून वाइन बिघडण्यापासून वाचवायची पद्धत बसवली होती. ती नसती तर शूबर्टच्या चवीचं धाडस टिकलं नसतं, असं मला वाटतं.

किराणा घराण्याचं नाव कैराना गावावरून, पण ते गाणं वाढलं मिरजेत, पुण्यात, धारवाडात. ग्रेंजचंही तसंच: तिची ओळख मातीत कमी, तालमीत अधिक. २००२ मध्ये पीटर गॅगो यांनी सूत्रं घेतली, तेव्हा १९४८ पासूनचे ते अवघे चौथे मुख्य वाइनकार होते.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे, आणि तीही त्याच राज्यात. ईडन व्हॅलीतल्या हेन्श्के कुटुंबाची ‘हिल ऑफ ग्रेस’ एका चर्चसमोरच्या एकाच मळ्यातून येते. तिथल्या सर्वांत जुन्या वेली १८६०च्या दशकातल्या. त्या मळ्याचा हंगाम वाया गेला तर त्या वर्षीची वाइनच नाही. ती जोखीम पत्करण्यात एक दिमाख आहे आणि मी तो कमी लेखणार नाही.

अलीकडे पेनफोल्ड्सने कॅलिफोर्नियाच्या वाइनमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाची वाइन मिसळून बाटल्या काढल्या. फ्रान्सबरोबरही तसंच केलं. इथे मात्र मी साशंक आहे. शूबर्टनी आधी चव मनात धरली आणि मग मळे शोधले. खंडांची बेरीज करताना आधी नाव ठरतं आणि चव मागून येते, अशी शंका येते.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. कर्नाटकात नंदी हिल्सचे ग्रोव्हर आणि महाराष्ट्रात इगतपुरीजवळचे झांपा हे वाइन उत्पादक २०१२ मध्ये एकत्र आले, तेव्हा एकाच कंपनीच्या हाती दोन राज्यांतली द्राक्षं आली. फ्रटेलीचे मळे सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात आहेत. सुला कंत्राटी शेतकऱ्यांकडून मोठ्या प्रमाणावर द्राक्षं घेते. महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणाने राज्यातल्या द्राक्षांना आधार दिला, ते योग्यच झालं. पण ‘नाशिक’ या एकाच शब्दात दिंडोरी, निफाड आणि इगतपुरीचं वेगवेगळं हवामान कोंबून आपण थांबलो आहोत. वायनरींनी तालुक्यांचा माल वेगळा आंबवावा, वेगळा मुरवावा आणि नावं झाकून चाखावा. मग मिसळायचं की नाही ते खुशाल ठरवावं. आणि त्या चाखणीला, ऑक्टोबर छाटणीपासून त्या वेलींमागे राबलेल्या बागायतदारालाही बोलवावं. आपल्या मळ्याची वाइन कशी लागते हे त्याला कळलं, तर पुढची छाटणी तो वेगळ्या नजरेने करेल.