प्रथिनांचा क्षीण आवाज कसा ऐकतात?

हिमायतनगराहून उस्मानिया विद्यापीठ ओलांडून तारनाक्याकडे गेले की इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ही संस्था लागते, आणि थोडे पुढे हब्सीगुड्यास सी.सी.एम.बी. हे जीवशास्त्राचे केंद्र. शहराच्या पश्चिमेस गोपनपल्ली येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद केंद्र आहे. ह्या तिन्ही ठिकाणी एका विशिष्ट जातीची यंत्रे आहेत. आपल्या घरातील जी मुले-मुली रसायनाकडे किंवा जीवशास्त्राकडे वळतात त्यांचा ह्या यंत्राशी केव्हातरी संबंध येतोच. त्याचे काम काय, आणि ते अधिक चांगले व्हावे म्हणून निघालेली एक युक्ती कोणती, हे घरच्या वडील मंडळींसही समजावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

ह्या यंत्राच्या पद्धतीचे नाव न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स, थोडक्यात एन.एम.आर. बलवान चुंबकात पदार्थ ठेवून त्यावर रेडिओ तरंग सोडले म्हणजे त्यातील अणूंची केंद्रके उलट उत्तर देतात, हे ब्लॉख व पर्सेल ह्यांनी दाखविले आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड ह्या तिघांनी मद्यार्काची तपासणी केली, तेव्हा त्यातील हायड्रोजनची तीन निरनिराळी उत्तरे ऐकू आली. अणू रेणूत कोठे बसला आहे हे तो आपण होऊन सांगतो, असा ह्याचा अर्थ होय. ह्यांपैकी धर्मट्टी हे पुढे मुंबईस टाटा संस्थेत आले व तेथे त्यांनी ह्या शास्त्राचा पाया घातला. १९८३ साली त्याच संस्थेत देशासाठी राष्ट्रीय एन.एम.आर. केंद्र निघाले. द्रावणातील प्रथिनांची घडण ह्या मार्गाने शोधून काढण्याबद्दल कुर्ट व्युट्रिख ह्यांस २००२ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. इन्सुलिन किंवा रक्तातील हिमोग्लोबिन ही प्रथिनेच. त्यांची घडण बिघडली की रोग होतो. तेव्हा ही घडण जाणणे हा केवळ बुद्धीचा विलास नव्हे.

परंतु अडचण अशी की प्रथिनांचे हे उत्तर अत्यंत क्षीण असते. पाचशे मेगाहर्ट्झच्या बलवान यंत्रातसुद्धा एक लाख हायड्रोजन केंद्रकांत चुंबकाच्या बाजूची केंद्रके विरुद्ध बाजूच्यांपेक्षा अवघी चारच्या आसपास अधिक असतात, आणि यंत्रास ऐकू येते ते ह्या अधिक चौघांचेच. भोवती रेडिओच्या खरखरीसारखा गोंगाट असतो. नेहमीचा उपाय असा: तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून उत्तरांची बेरीज घेणे. पण येथील हिशेब कठोर आहे. स्पष्टता दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो. तिप्पट हवी तर नऊपट. एका दिवसाचे काम चार दिवसांवर जाते. इकडे नळीतील अर्धा मिलिलिटर द्रावण जिवाणू वाढवून, महागडे नायट्रोजन व कार्बन त्यांस खाऊ घालून, महिनोन्‌महिने खपून तयार केलेले; आणि कित्येक प्रथिने चार दिवसांत गुठळ्या होऊन वाया जातात. शिवाय यंत्रापाशी पुढचा विद्यार्थी आपल्या पाळीची वाट पाहत असतोच.

अशा प्रयोगात प्रत्येक वेळी दोन रेडिओ धक्क्यांमधील अवधी थोडा थोडा वाढवीत नेतात. समजा, असे १२८ अवधी समान अंतराने ठरविले व प्रत्येक ८ वेळा ऐकला, म्हणजे एकूण १०२४ वेळा ऐकणे झाले. आता देवळातील घंटा आठवावी. टोल पडताच नाद मोठा असतो व हळूहळू विरतो. प्रथिनांचेही तसेच. अवधी लहान तेव्हा उत्तर ठसठशीत, अवधी मोठा तेव्हा केवळ पुसट. खरखर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच. म्हणजे शेवटच्या अवधींवर घातलेल्या वेळात पदरी पडते ती बहुतांशी खरखर.

मग शेवटचे अवधी सोडूनच का देऊ नयेत? तसे केले तर जवळजवळच्या दोन खुणा एकमेकींत मिसळतात व वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून मधला मार्ग काढला तो असा: १२८ पैकी ६४ अवधी वेचावे, त्यांत आरंभीचे दाट व शेवटचे विरळ, आणि प्रत्येक १६ वेळा ऐकावा. एकूण ऐकणे तेच १०२४, खरखर तेवढीच, परंतु उत्तराची बेरीज मोठी. ह्यास नॉन-युनिफॉर्म सॅम्पलिंग म्हणतात. आपण वेचक नोंद म्हणू. कोठलेही निम्मे अवधी सरसकट वेचल्यास हा लाभ होत नाही. जेथे आवाज आहे तेथे अधिक ऐकावे, ह्यातच त्याचे मर्म आहे. स्पष्टता दीडपट झाली तरी सव्वादोनपट वेळेचे काम एकपट वेळेत होते. धान्य वाटताना प्रत्येक घरास सारखेच माप घालणे हा नेहमीच शहाणपणा नसतो, हे संस्थेच्या कार्यकर्त्यांस सांगावयास नकोच.

ह्या लाभाची किंमतही द्यावी लागते. नोंदीवरून खुणा काढण्याचे नेहमीचे गणित समान अंतराची नोंद गृहीत धरते. मध्ये जागा रिकाम्या राहिल्या तर नसलेल्या खुणा उमटतात. रिकाम्या जागा ठराविक क्रमाने पडल्या तर ह्या खोट्या खुणा अगदी खऱ्यासारख्या दिसतात. अनियमित पडल्या तर त्या विखरून पुसट होतात. म्हणून वेचणी अनियमित करतात, व नंतर संगणकाकडून विशेष गणिताने चित्र पुरे करून घेतात. असे काम इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९८७ सालीच प्रसिद्ध केले होते. आज नव्या यंत्रांबरोबर ही सोय तयारच मिळते. तथापि हे गणित चालते ते विस्तीर्ण मोकळ्या पटावर खुणा थोड्या असतील तरच. जेथे खुणांची गर्दी आहे आणि प्रबळ खुणांशेजारी अगदी दुबळ्या खुणा आहेत, तेथे दुबळी खूण नाहीशी होण्याचा किंवा खोटी उपजण्याचा धोका राहतो. जी माहिती नोंदलीच नाही ती कोणतेही गणित निर्माण करू शकत नाही.

म्हणून जाणता संशोधक सुबक चित्र पाहून हुरळत नाही. शंका आली की तो वेचणी बदलून प्रयोग पुन्हा करतो. दोन्ही वेळा उमटेल तिच्यावरच अधिक विश्वास ठेवतो. ज्या मुलास ह्या वाटेने जावयाचे असेल त्याने रसायनाबरोबर गणिताचीही गोडी लावून घ्यावी, आणि मिळालेल्या उत्तराची उलटतपासणी करण्याचा कंटाळा करू नये. कमी वेळात अधिक ऐकण्याची ही विद्या आहे. पण जे ऐकले नाही ते ऐकले असे न म्हणणे, हाही तिचाच भाग होय.