वरईचे टरफल आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा

धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळ हे मराठी रसिकांना सवाई गंधर्वांचे गाव म्हणून परिचित आहे. त्याच तालुक्यातील तीर्थ या खेड्यातील 'बीबी फातिमा' महिला स्वयंसहाय्यता गटास २०२५ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार जाहीर झाला. २०१८ मध्ये १५ स्त्रियांनी एकत्र येऊन हा गट स्थापन केला. लहान तृणधान्यांच्या देशी वाणांची सामुदायिक बीज-पेढी चालविणे आणि त्या धान्यांवर गावातच प्रक्रिया करणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय. गटाच्या या यशात विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या कामाचा संबंध कोठे येतो, हे समजण्यासाठी प्रथम या धान्याच्या टरफलाकडे पाहिले पाहिजे.

ज्वारी, बाजरी व नाचणी यांचे दाणे मळणीनंतर उघडे असतात. ते थेट दळता येतात. वरई, राळा, कोद्रा यांचे तसे नाही. त्यांच्या दाण्यावर घट्ट टरफल असते व ते काढल्याखेरीज धान्य खाण्याजोगे होत नाही. (धारवाडकडे 'सावे' म्हणतात ती आपली वरई, आपल्याकडे सावा म्हणून ओळखले जाणारे धान्य बहुधा निराळे असते. बियाणे मागविताना या नामसाम्यामुळे घोटाळा होऊ शकतो.) पूर्वी हे टरफल जात्यावर हलके भरडून, उखळात कांडून व सुपाने पाखडून काढीत. हे सर्व श्रम स्त्रियांचे. घरोघरी तांदूळ सहज मिळू लागल्यावर एवढे कष्ट कोण उपसणार? ही पिके मागे पडण्याची कारणे सांगताना उत्पादन व बाजारभाव यांचा उल्लेख नेहमी होतो. उखळाचा क्वचितच होतो. वस्तुतः घरातील स्त्रीने ज्या दिवशी मुसळ खाली ठेवले, त्या दिवशीच शेतातील वरईचे भवितव्य पुष्कळसे ठरले.

धारवाड येथील कृषी महाविद्यालय १९४७ सालचे. १९८६ मध्ये तेथे स्वतंत्र कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाच्या हावेरी जिल्ह्यातील हनुमनमट्टी येथील केंद्रात लहान तृणधान्यांवर संशोधन चालते. वरईचा 'डीएचएलएम-३६-३' व राळ्याचा 'डीएचएफटी-१०९-३' हे वाण या विद्यापीठाचे आहेत. तथापि केवळ सुधारित वाण देऊन टरफलाचा प्रश्न सुटत नाही. त्या दृष्टीने २०११ मध्ये कॅनडाच्या अर्थसाहाय्याने तेथील मॅकगिल विद्यापीठ व धारवाडचे विद्यापीठ यांनी हाती घेतलेला प्रकल्प महत्त्वाचा ठरतो. पिकाच्या लागवडीबरोबरच काढणीनंतरची प्रक्रिया हाही त्याचा विषय होता.

टरफल काढण्याच्या यंत्रांत मुख्यतः दोन तत्त्वे आढळतात. एका प्रकारात खरखरीत दगडावर दाणा घासला जातो. यात टरफलाबरोबर कोंड्याचा थरही निघून जातो आणि त्यातील तंतू व खनिजे वाया जातात. दुसऱ्या प्रकारात वेगाने फिरणाऱ्या चक्रातून दाणा बाहेरच्या भिंतीवर आदळतो, टरफल फुटते व आतील दाणा पुष्कळ अंशी अखंड राहतो. पुढे पंख्याच्या वाऱ्याने टरफल उडविले जाते. हे ऐकण्यास सोपे वाटते. परंतु दाणा फार कोरडा असल्यास त्याची कणी होते, ओलसर असल्यास टरफल सुटत नाही. राळ्यास योग्य असलेला वेग कोद्र्यास पुरत नाही. दाण्याच्याच आकाराचे खडे चाळणीतून निसटतात, म्हणून खडे काढण्याचे निराळे यंत्र लागते. ओलावा किती असावा, चक्राचा वेग किती ठेवावा, धान्य किती वेळा फिरवावे, हे वारंवार मोजून ठरवावे लागते. असे मोजमाप करण्याची साधने १५ स्त्रियांच्या गटाजवळ असणे शक्य नाही. विद्यापीठाचा व संशोधनसंस्थेचा खरा उपयोग येथे आहे.

यानंतरचा प्रश्न टिकाऊपणाचा. टरफलासह वरई वर्षानुवर्षे टिकते. टरफल काढताच कोंड्यातील स्निग्धांश हवेशी संयोग पावून धान्यास खवट वास येऊ लागतो. म्हणून मागणीप्रमाणे थोडे थोडे भरडणे श्रेयस्कर. गावातच यंत्र असण्याचा लाभ यातूनच होतो.

धारवाडच्या गृहविज्ञान शाखेतील संशोधकांनी वरईच्या पदार्थांचा, विशेषतः मधुमेही व्यक्तींच्या आहाराच्या दृष्टीने, अभ्यास करून निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. अशा अभ्यासाने जसे गुण कळतात, तशा मर्यादाही कळतात. पाकिटावर काय छापावे याइतकेच काय छापू नये हेही गटांना ठाऊक असणे आवश्यक आहे. अलीकडे या धान्यांविषयी नको तितके दावे केले जातात.

मात्र ज्ञानाचा ओघ एकाच दिशेने वाहतो असे समजणे चुकीचे ठरेल. या पिकांचे फुलोरे अतिशय बारीक असल्याने कृत्रिम संकर करणे कठीण जाते. परिणामी देशातील अनेक वाण शेतकऱ्यांनी जपलेल्या स्थानिक बियाण्यांतून निवड करूनच तयार झाले. शिवाय ही पिके मुख्यतः स्वपरागित असल्यामुळे घरी राखलेले बी पुढील वर्षी बहुतांशी तसेच उगवते. संकरित कपाशीच्या बाबतीत जे शक्य नाही, ते येथे शक्य आहे, आणि म्हणूनच गावातील बीज-पेढी ही केवळ हौस ठरत नाही. प्रयोगशाळेस उद्या लागणारा कच्चा माल अशा पेढ्यांमध्येच सुरक्षित असतो.

तीर्थ येथील गटास साहाय्य एकाच ठिकाणाहून मिळाले नाही. संघटन व बियाणे यांबाबत 'सहज समृद्ध' ही बंगळुरूची संस्था, तांत्रिक मार्गदर्शनासाठी हैदराबादची भारतीय मिलेट्स संशोधन संस्था आणि सौर ऊर्जेवरील यंत्रांसाठी सेल्को फाउंडेशन यांचा त्यात वाटा आहे. खेड्यात वीज बेभरवशाची असेल तर उत्तम यंत्रही बंद पडून राहते, ही गोष्ट प्रयोगशाळेत सहसा जाणवत नाही. गावात काम करणाऱ्या संस्थेस ती पहिल्याच आठवड्यात जाणवते.

महाराष्ट्रात नाशिकच्या भगर गिरण्यांमुळे वरईची प्रक्रिया नवी नाही. परंतु पिकविणारी आदिवासी कुटुंबे टरफलासकट धान्य विकतात व उपवासाची भगर मात्र बाजारभावाने विकत घेतात, असे चित्र डोंगरी भागांत दिसते. तेथील महिला गटांनी यंत्र घेण्याचे योजल्यास विक्रेत्याच्या नमुन्यावर न विसंबता आपल्या गावचे पोतेभर धान्य त्या यंत्रावर चालवून पाहावे. अखंड दाणा, कणी व न सोललेला दाणा यांचे वजन वेगवेगळे नोंदवावे आणि ती नोंद घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडे जावे.