ओसरीचे तोंड कोणीकडे?

नव्या मुंबईत घर पाहावयास निघालेल्या माणसाला पहिल्यांदा भाव ऐकावा लागतो आणि लगेच पाठोपाठ दिशा. “पूर्वमुखी आहे, म्हणून आकडा थोडा वर,” असे दलाल सांगतो. घर दक्षिणमुखी असले तर तो दिशेविषयी मौन पाळतो आणि गॅलरीतून दिसणाऱ्या झाडांची तारीफ करू लागतो. दक्षिण ही यमाची दिशा, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. यमाच्या वाटेला जाण्याची मला हौस नाही. परंतु घराच्या पुढल्या उघड्या जागेचे तोंड कोणीकडे असावे, हे ठरविताना सूर्य, वारा आणि पाऊस या तिघांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, असे मला वाटते.

या उघड्या जागेला आपल्या भाषेत नावे तरी किती! ओसरी, पडवी, ओटी, ओटा, सोपा; आणि मुंबईकरांची गॅलरी. ज्या भाषेत एका वस्तूला इतकी नावे, त्या भाषेच्या लोकांचे तिच्यावाचून अडत असले पाहिजे. ‘भटाला दिली ओसरी’ ही म्हणसुद्धा हेच सांगते की, ओसरी ही घराची असूनही थोडीशी परक्यांची जागा. आलेला पाहुणा तेथे टेकतो, म्हातारी माणसे तेथे बसतात. एवढी माणसे जेथे बसणार, तेथे ऊन कोणत्या वेळी येते हे पाहावयास नको काय?

आता या तिघांकडे वळू. मुंबईचा किनारा १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो तो पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून. ज्या दिवशी तो उशिरा सुटतो, त्या दिवशी सारे शहर भाजून निघते. पावसाळी वाराही नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडूनच येतो, आणि पावसाची झड घेऊन येतो. दिवसाकाठचे सर्वांत त्रासदायक ऊन, म्हणजे दुपारी तीननंतरचे, तेही पश्चिमेचेच. म्हणजे हवा तो वारा, नको ते ऊन आणि आवरता न येणारा पाऊस, हे तिघेही एकाच दाराने आत येऊ पाहतात!

कोणी म्हणेल, छप्पर पुढे काढले की ऊन थांबेल. येथे थोडे गणित करू. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा चार फुटांचे छप्पर भिंतीला पुरून उरते. पण संध्याकाळी पाच वाजता तोच सूर्य क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर उतरलेला असतो, आणि असतो पश्चिमेच्या भिंतीच्या जवळजवळ समोर. त्या वेळी चार फुटांचे छप्पर भिंतीवर जेमतेम दोन फूट सावली पाडते. खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन यावयाचे ते येतेच.

उलट दक्षिणेकडचा हिशेब पाहा. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे झुकून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. तेच चार फुटांचे छप्पर आता साडेचार फुटांच्या आसपास सावली देते आणि त्याखालून थंडीचे कोवळे ऊन आत येते. मे महिन्यात संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्याही किंचित उत्तरेस असल्याने दक्षिणेची भिंत पूर्ण सावलीत असते. म्हणजे हवे तेव्हा ऊन आणि नको तेव्हा सावली! उत्तरेची दिशा याहून शांत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेस असतो खरा. पण जून उजाडला की त्याला ढगच झाकून टाकतात. पूर्वेचा सोपा सकाळी दहापर्यंत तापतो आणि दुपारनंतर गार पडतो. मात्र पश्चिमेचा वारा तेथवर पोहोचावयाचा तर घराची मागची खिडकी उघडी हवी.

हे सारे आपल्या पूर्वजांना अंशांच्या हिशेबावाचून कळत होते. कोकणातील घराचे पाखे पडवीवर खाली उतरतात ते उगाच नव्हे. पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूला विणलेल्या झावळ्यांचा आडोसा करीत, आणि पाऊस सरला की तो काढून टाकीत. पडवीचे तोंड तेच राही, पण ऋतूप्रमाणे तिचा पदर पुढे ओढला जाई.

मुंबईतल्या जुन्या बंगल्यांनी हीच युक्ती घराच्या चारी अंगांना व्हरांडा फिरवून साधली. हा धागा उंच इमारतीत नेला तो चार्ल्स कोरिया यांनी. कंबाला हिलवरील त्यांची कांचनजंगा ही ८४ मीटर उंचीची इमारत १९८३ साली पुरी झाली. वारा आणि समुद्र पाहिजे म्हणून तिची तोंडे पूर्व-पश्चिमेला. पण घरांच्या कोपऱ्यांना दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरून त्यांनी राहत्या खोल्या ऊन-पावसापासून मागे सारल्या. पश्चिम घ्यावयाची तर तिला खोली द्यावी लागते, हा त्या इमारतीचा धडा.

हेच कोरिया १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात सिडकोचे मुख्य वास्तुशिल्पी होते. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना त्यांनी त्याआधीच मांडली होती. पुढे १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांची कमी उंचीची वसाहत उभी राहिली. सात घरे एका चौकाभोवती, असे तीन चौक एका मोठ्या चौकाभोवती, आणि प्रत्येक घराला स्वतःचे थोडे उघडे आभाळ. सात घरे एका चौकाभोवती म्हटल्यावर सर्वांची तोंडे पूर्वेला असणे शक्यच नव्हते. पण त्यात एक सोय आहे. सकाळी एकाच्या दारात सावली, तर संध्याकाळी समोरच्याच्या. शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसण्यास याहून चांगले निमित्त कोणते? आज तेथील पुष्कळ घरे पाडून मजले चढले आहेत. चौक मात्र अजून ओळखू येतात.

आमच्या घरी हा प्रश्न आला तो आईमुळे. तिचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. जिने उतरणे तिला होत नाही. तिचे बाहेरचे जग म्हणजे गॅलरी, आणि तिची वेळ चार ते सहाची. दोन घरांतून एक निवडावयाचे होते: एक पश्चिमेचे, खाडी दिसणारे, दुसरे दक्षिणेचे, पाच फूट खोल गॅलरीचे. “दक्षिणेला तोंड करून बसू होय रे मी?” असे आईने विचारले. मी म्हणालो, “आई, तोंड तू हवे तिकडे कर, ऊन मात्र तोंडावर येणार नाही.” ती काही बोलली नाही. घर आम्ही दक्षिणेचे घेतले. मे महिन्यात चारच्या ठोक्याला तिची खुर्ची बाहेर येते. आषाढात झड आली की ती खुर्ची दोन हात मागे घेते. जानेवारीत तिरपे ऊन पायांवर घेते. यमाचा विषय पुन्हा निघालेला नाही. खाडी दिसत नाही याची कुरकुर मात्र अधूनमधून ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

तेव्हा वाचकहो, घर पाहावयास जाल तेव्हा दिशेआधी वेळ ठरवा. गॅलरीत कोण बसणार आणि केव्हा बसणार, हे घरातल्या माणसांना विचारा. जमल्यास मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता घर पाहा. पावसाळ्यात गेलात तर फरशी कोठवर भिजली आहे ते बघा. समोरासमोर दार-खिडकी आहे की नाही, ते तपासा. गॅलरीची खोली फुटपट्टीने मोजा. चार फुटांखाली असेल तर पश्चिमेच्या मोहात पडू नका. आणि एवढे करून घेतलेली गॅलरी काचा लावून दिवाणखान्यात ओढू नका. ती काचेआड गेली की घराची सावली जाते, वारा अडतो, आणि आईच्या खुर्चीला जागा उरत नाही.