खाणीतील तक्रार आणि सूड : गैरसमज व वस्तुस्थिती

कोळशाच्या खाणीतील स्फोट हा दैवाचा घाला असतो, ही समजूत अजूनही पुष्कळांच्या मनात घर करून आहे. वस्तुतः थरांतून झिरपणारा मिथेन वायू हवेत सुमारे ५ ते १५ टक्के मिसळला म्हणजे ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि त्याच्या धक्क्याने उडालेली कोळशाची धूळ पेटली की आग खाणभर पसरते. म्हणून हवा खेळती ठेवणे आणि ही धूळ पेटू नये यासाठी तिच्यावर चुनखडीची भुकटी पसरणे, हे दोन उपाय फार पूर्वीपासून ठरलेले आहेत. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील अप्पर बिग ब्रँच या खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी २९ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा कापणी यंत्राचे दाते झिजलेले होते, पाण्याचे फवारे नीट चालत नव्हते आणि कोळशाची धूळ साचलेली होती. रोज त्या यंत्रापाशी राबणाऱ्यांना यांतले काहीच दिसत नसेल, हे संभवत नाही.

सरकारी तपासनीस येत असताना कामगाराने बोलण्याची गरज काय, असेही विचारले जाते. अमेरिकी कायद्यानुसार भूमिगत खाणीची वर्षातून किमान चार वेळा संपूर्ण तपासणी होते आणि तिची आगाऊ खबर देणे हा गुन्हा आहे. तरीही या खाणीत तपासनीस आल्याची वर्दी खालपर्यंत पोचवली जात असे, आणि धोक्यांच्या काही नोंदी तपासनिसांसमोर येणाऱ्या अधिकृत वहीत न करता कंपनीच्या अंतर्गत वहीत केल्या जात, असे सरकारी चौकशीत आढळले. कामगारांनी धोक्यांची वाच्यता करू नये म्हणून त्यांना धमकावले जाई, हाही त्याच चौकशीचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्यांच्या तोंडून खरी स्थिती बाहेर पडू शकत होती, त्यांचीच तोंडे बंद करण्यात आली होती.

तक्रार केली की नोकरी गेलीच आणि कायदा हात वर करतो, हा समज मात्र अर्धाच खरा आहे, कारण सूड उगवला जातो, पण त्यावर इलाजही आहे. १९७७ च्या संघीय खाण सुरक्षा कायद्याच्या कलम १०५(सी) अन्वये सुरक्षेविषयी बोलल्याबद्दल कामगाराला काढणे किंवा अन्य प्रकारे त्रास देणे निषिद्ध असून, त्याने ६० दिवसांच्या आत दाद मागितली आणि ती निरर्थक नाही असे दिसले, तर अंतिम निकालापूर्वीच त्याला तात्पुरते कामावर परत घ्यावे लागते. पोटाची चिंता पाहता ही तरतूद फार मोलाची आहे. कामगार किंवा त्यांचा प्रतिनिधी लेखी तक्रार करून तपासणी मागू शकतो, आणि मालकाला दिल्या जाणाऱ्या प्रतीत तक्रारदाराचे नाव नसते. धोका प्रत्यक्षात होता हे सिद्ध करता आलेच पाहिजे असेही नाही, कारण प्रामाणिक व वाजवी समजुतीने काम नाकारणाऱ्यालाही निवाड्यांनी संरक्षण दिले आहे.

मालकाला शिक्षेचा धाक पुरेसा असतो, हा समज तर अप्पर बिग ब्रँचच्या प्रकरणानेच खोडून काढला : सुरक्षा नियम हेतुपुरस्सर मोडण्याच्या कटाबद्दल कंपनीचे माजी प्रमुख डॉन ब्लँकनशिप २०१५ मध्ये दोषी ठरले, तरी हा गुन्हा किरकोळ वर्गात मोडत असल्याने २०१६ मध्ये त्यांना एक वर्षाचाच कारावास आणि अडीच लाख डॉलर दंड झाला.