उतारवयाची शिदोरी



दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. कोणी रेल्वेतून, कोणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यातून, तर कोणी वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. त्यांत आपल्या समाजातील माणसे पुष्कळ असतात. पासबुक पुढे सरकवताना हळूच "जयभीम" म्हणतात आणि ओळख पटते.

अशाच एका काकांनी दोन वर्षांपूर्वी मुदत ठेवीची पावती माझ्यापुढे ठेवली. खाजगी कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षे नोकरी. निवृत्तीच्या वेळी फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून २२ लाख रुपये हाती आले होते. त्यांतले ११ लाख धाकट्या मुलाच्या टिटवाळ्याच्या फ्लॅटला गेले, ५ लाख मुलीच्या लग्नाला, ३ लाख गावच्या घराला. उरलेल्या ३ लाखांच्या तीन पावत्या केल्या होत्या. मी म्हणालो, "काका, ही शेवटची पावती आहे." ते म्हणाले, "मोड रे बाळा. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे." त्यांचे पेन्शन महिना २,७०० रुपये.

हे काका निर्व्यसनी. आयुष्यभर एक पैसा वाया घालवला नाही. चूक एवढीच झाली की, निवृत्तीच्या दिवशी आलेली रक्कम त्यांनी 'मिळालेले पैसे' समजून वाटून टाकली. वास्तविक तो त्यांचा आणि काकूंचा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा पगार होता, आगाऊ मिळालेला. ही एकच गोष्ट आपल्या मनावर ठसावी म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या बापजाद्यांना जमीन नव्हती, वाडा नव्हता, दुकान नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे शिक्षण मिळाले, नोकरी मिळाली. पगारदारांची ही आपली पहिली, फार तर दुसरी पिढी. एका पगारावर गावचे आईवडील, भावाची मुले, बहिणीचे बाळंतपण, सगळेच अवलंबून असते. ते कर्तव्यच आहे. परंतु ज्याच्या पाठीशी वडिलोपार्जित काहीच नाही, त्याने निवृत्तीची रक्कम संपवली की पुन्हा उभे राहायला दुसरा आधार उरत नाही.

धम्म काय सांगतो?

संसारी माणसाने पैशाचा विचार करू नये, असे तथागतांनी कधीही सांगितले नाही. कोलिय कुळातील दीघजाणु हा गृहस्थ त्यांच्याकडे आला आणि आम्हा प्रपंचात गुरफटलेल्यांना हिताचा मार्ग सांगा, म्हणाला. तेव्हा भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उद्योगशीलता, कमावलेल्याचे रक्षण, चांगल्या मित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे आवक आणि जावक ओळखून, तराजू धरणाऱ्यासारखे समतोल जगणे. उधळपट्टी नको आणि पोटाला चिमटा घेणारी कंजुषीही नको. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखून ठेवावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा अर्थसंकल्प आजही लागू पडतो.

पहिली पायरी : खर्चाचा हिशेब

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एक साधी वही करावी आणि तीन महिने घरखर्च लिहून काढावा. समजा, महिन्याला ३० हजार रुपये लागतात. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे आज ४८ वर्षांचा असलेल्या माणसाला साठाव्या वर्षी त्याच राहणीमानासाठी ६० हजार लागतील. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या क्रयशक्तीच्या स्थैर्यावर भर दिला होता. रुपया किती आहेत, यापेक्षा त्या रुपयात काय येते, हे महत्त्वाचे. निवृत्तीचा विचारही याच दृष्टीने करावा.

दुसरी पायरी : आपल्याला काय मिळणार?

आपल्याला पेन्शन नक्की किती मिळणार, हे अनेकांना निवृत्तीच्या दिवसापर्यंत ठाऊक नसते. म्हणून थोडक्यात सांगतो.

१) केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ पूर्वी आणि राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना साधारणपणे जुने पेन्शन आहे. महागाई भत्ता वाढतो आणि पश्चात कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना आली. एप्रिल २०२५ पासून त्यांना एकीकृत पेन्शन योजनेचा पर्यायही मिळाला. त्यात २५ वर्षे सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे पेन्शन आहे.

२) कारखाने आणि खाजगी कंपन्यांतील कामगारांना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी पेन्शन योजना लागू आहे. मालकाच्या वर्गणीतील ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जाते. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे, असे सूत्र आहे. वीस वर्षे पूर्ण केलेल्यांना दोन वर्षे जास्त धरतात. पगाराची मर्यादा २०१४ साली १५ हजार ठरली. त्या हिशेबाने पूर्ण मर्यादेवर तीस वर्षे नोकरी केलेल्यालाही सुमारे ६,८५० रुपये मिळतात. पूर्वीच्या सेवेचा हिशेब वेगळा असल्यामुळे प्रत्यक्षात अनेकांना याहून कमी मिळते. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. तेव्हा कारखान्यातील माणसाचे खरे पेन्शन म्हणजे त्याचा फंड होय.

येथे तरुणांना कळकळीची विनंती आहे. कंत्राटी नोकरी बदलली की फंड काढून घेण्याची सवय सोडा. नोकरी बदलली तरी यूएएन क्रमांक तोच ठेवून खाते पुढे चालवा. पेन्शनसाठी दहा वर्षे सेवा लागते. मधेच रक्कम काढली की मागची वर्षे पुसली जातात.

३) रिक्षाचालक, घरकामगार भगिनी, नाका कामगार, फेरीवाले यांना यांपैकी काहीच नाही. त्यांच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वयात नाव नोंदवता येते. साठीनंतर महिना ५ हजार पेन्शन हवे असेल, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. उशिराची किंमत किती, हे या तीन आकड्यांवरून दिसते. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ही योजना खुली नाही. आपल्या वस्तीतील महिला बचत गटांनी ही माहिती घरोघरी न्यावी.

यांखेरीज ज्याला जमेल त्याने पी.पी.एफ. खाते उघडावे. दरवर्षी एप्रिलच्या ५ तारखेपूर्वी ६० हजार रुपये भरले आणि २०२५-२६ मधील ७.१ टक्के हाच दर टिकला, तर पंधरा वर्षांत भरलेल्या ९ लाखांचे सुमारे १६ लाख २७ हजार होतात. या व्याजावर करही नाही.

केवळ मालकाच्या भरवशावर राहू नये

कल्याणजवळच्या मोहने-आंबिवली येथील एन.आर.सी. कारखाना नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडला. हजारो कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. हक्काची रक्कम हातात पडण्याआधी कित्येकांची उमेद गेली. १९८२ च्या गिरणी संपात होरपळलेल्या कुटुंबांना हे नवे नाही. म्हणून फंड वेळेवर जमा होतो की नाही, हे आपणच दरवर्षी तपासावे आणि स्वतःची थोडी बचत वेगळी ठेवावी.

बचत कोठे ठेवतो, हेही पाहावे. सप्टेंबर २०१९ मध्ये पी.एम.सी. बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास डोंबिवली-ठाण्यातील एका सोन्याच्या पेढीला टाळे लागले आणि भिशी व ठेवी ठेवणारी मध्यमवर्गीय कुटुंबे हवालदिल झाली. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. सोनाराच्या भिशीला किंवा ओळखीच्या माणसाच्या 'महिना तीन टक्के' योजनेला असले कोणतेही संरक्षण नाही.

एकरकमी पैशाचे तीन भाग

आता मुख्य मुद्दा. निवृत्तीची रक्कम हाती येताच सहा महिने कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. प्रथम पतपेढीचे आणि घराचे कर्ज फेडावे. उरलेल्या रकमेचे तीन भाग करावेत.

पहिला भाग अडीअडचणीचा. साधारण एक वर्षाचा घरखर्च, केव्हाही काढता येईल अशा ठेवीत.

दुसरा भाग महिन्याच्या घरखर्चाचा. यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना चांगली. साठ वर्षांपुढील व्यक्तीला, तसेच पंचावन्नपुढे निवृत्त झालेल्याला रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, ३० लाखांपर्यंत गुंतवता येतात. २०२५-२६ मध्ये व्याज ८.२ टक्के होते. त्या काकांच्या २२ लाखांवर या दराने दर तिमाहीला ४५,१०० रुपये, म्हणजे महिना सुमारे १५ हजार आले असते. २,७०० च्या पेन्शनमध्ये हे १५ हजार मिळवून पाहा. काकूंच्या डोळ्यासाठी पावती मोडावी लागली नसती. पोस्टाची मासिक प्राप्ती योजनाही आहे.

तिसरा भाग दहा वर्षांनंतरचा. आज पुरणारे व्याज सत्तरीत पुरणार नाही. म्हणून काही रक्कम व्याजासकट वाढत ठेवावी आणि तिच्याकडे सत्तरीपर्यंत पाहू नये.

आणि एक गोष्ट, जी बँकेतच काम करीत असल्याने मला सांगितलीच पाहिजे. ठेव ठेवायला आलेल्या वृद्धाच्या हाती कधी कधी विम्याची पॉलिसी दिली जाते. सही करण्यापूर्वी "हे मुदत ठेव आहे की विमा?" असे स्पष्ट विचारा. दरवर्षी हप्ता भरावा लागेल का, तेही विचारा. चूक झालीच, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

कराविषयी थोडेसे

मार्च महिना आला की कर वाचवण्यासाठी घाईघाईने पॉलिसी घेण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सामान्यतः कर पडत नाही. पगारदार आणि पेन्शनर यांना ७५ हजारांची वेगळी वजावटही आहे. मात्र या पद्धतीत पी.पी.एफ. वा विमा हप्त्याची वजावट नाही. तेव्हा बचत करावी ती उतारवयासाठी, केवळ कर वाचवण्यासाठी नव्हे. बहुसंख्य पेन्शनरांना कर लागतच नाही, तरी ठेवींच्या व्याजावर बँक कर कापते, कारण वेळेत स्वयंघोषणापत्र दिलेले नसते. एप्रिलमध्येच ते भरून द्यावे.

खर्चाला बांध

घरात पाणी यायला एक नळ आणि जायला चार भोके असतील, तर पिंप भरणार कसे? आपल्या समाजातील मोठे भोक म्हणजे लग्नाचा डामडौल. बौद्ध पद्धतीचा विवाह मुळात साधा आणि कमी खर्चाचा. त्यावर बँड, हॉल आणि मानपानाचे ओझे आपणच चढवले. दुसरे भोक जामीनकीचे. मित्राच्या कर्जाला सही करताना आपलीच ग्रॅच्युइटी तारण ठेवतो आहोत, असे समजावे.

मुलाला घरासाठी मदत जरूर करावी, पण राहते घर विकून नव्हे. घर शेवटपर्यंत पतिपत्नीच्या नावावर असावे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. म्हणजे ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते.

आजारपणासाठी ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांची सोय झाली आहे. त्याचे कार्ड काढून ठेवावे.

कागदपत्रे

खाते पतिपत्नीच्या संयुक्त नावाने असावे. प्रत्येक ठेवीवर, फंडावर वारसाचे नाव नोंदवलेले असावे. पण नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, मालकी कायदेशीर वारसांचीच. बौद्धांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. भांडणे टाळण्यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करावे. आणि घरातील स्त्रीला हे सर्व ठाऊक असावे. पतीच्या पश्चात कोणत्या बँकेत काय आहे, हेच माहीत नसलेल्या कितीतरी माउल्या मी काउंटरसमोर रडताना पाहिल्या आहेत.

बंधु-भगिनींनो, स्वाभिमानाने जगण्याचा मंत्र बाबासाहेबांनी आपल्याला दिला. तो स्वाभिमान साठाव्या वर्षी संपू नये. औषधाच्या पैशासाठी मुलापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढी शिदोरी प्रत्येकाने बांधावी. मग नातवाला वही घेऊन देता येईल आणि विहाराच्या पेटीत दानही आनंदाने टाकता येईल. या स्मरणिकेचे वाचन झाल्यावर आज रात्रीच ती वही उघडा आणि पहिल्या पानावर चालू महिन्याचा खर्च लिहा.

सर्वांचे मंगल होवो! जयभीम! नमो बुद्धाय!