बदलत्या मंडळींचा वाद्यवृंद

गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगार उभे राहत. कोणी गैरहजर असला की बदली आत जाई आणि साचा चालू राही. गाण्याच्या मंडळीत असे चालेल काय? अमेरिकेतील 'फ्लाइंग बरीटो ब्रदर्स' या वाद्यवृंदाची हकिकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

'कंट्री' हे तिकडच्या दक्षिणेतील शेतकरी-मजुरांचे गाणे; 'रॉक' हे शहरी तरुणांचे. 1968 साली व्हिएतनामच्या युद्धामुळे या दोन श्रोतृवर्गांत फार वितुष्ट आले होते. नेमके तेव्हाच 'बर्ड्स' या वाद्यवृंदातून बाहेर पडलेल्या ग्रॅम पार्सन्स आणि ख्रिस हिलमन यांनी लॉस एंजेलिसला दोहोंचे कलम करावयाचे ठरविले. बास गिटारीला ख्रिस एथ्रिज आणि पेडल स्टीलला 'स्नीकी' पीट क्लाइनो असे चौघे जमले. पेडल स्टील ही आडवी मांडलेली गिटार. तारांवरून पोलादी कांडी सरकवावयाची आणि पायांनी व गुडघ्यांनी तारांचा ताण बदलावयाचा. सूर कसा विव्हळत निघतो. क्लाइनोने तिच्यातून रॉकवाल्यांचा फाटका, खरखरीत आवाजही काढला. या वाद्यवृंदाची खरी ओळख मी त्या आवाजातच मानतो. कंट्री गवयांचे भरजरी पोशाख शिवणाऱ्या न्यूडी शिंप्याकडून त्यांनीही पोशाख करविले. पार्सन्सच्या कोटावर मात्र अफूची फुले आणि गांजाची पाने भरलेली!

1969 साली 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात ड्रम वाजविणारे एकाहून अधिक होते, म्हणजे बदलीची पद्धत आरंभापासूनच! खप बेताचाच झाला. एथ्रिज गेला, बर्नी लीडन आला. 1970 मध्ये हिलमनने पार्सन्सलाच काढून टाकले. पुष्कळ रसिक याबद्दल हिलमनला दोष देतात. मला तो पटत नाही. पार्सन्सला घरच्या इस्टेटीचे उत्पन्न होते, तालीम चुकविणे त्याला परवडे. इतरांचे पोट त्याच कामावर होते. 1973 साली, वयाच्या 26व्या वर्षी, तो वारला आणि मागाहून कीर्ती बहुतेक त्याच्या वाट्याला आली.

लीडनने 1971 मध्ये 'ईगल्स' या वाद्यवृंदाच्या स्थापनेत भाग घेतला. त्याच कलमाला तेथे अलोट पैसा मिळाला. क्लाइनो गेला, पाठोपाठ हिलमनही.

नाव मात्र बाजारात उरले होते. 1975 साली क्लाइनो व एथ्रिज यांनी नवी माणसे घेऊन त्याच नावाने ध्वनिमुद्रिका काढली. पुढे 1980 नंतर 'बरीटो ब्रदर्स' म्हणून गिब गिल्बो आणि जॉन बीलंड ही जोडी गात राहिली.  क्लाइनो 2000च्या सुमारास 'बरीटो डीलक्स' नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. हे नाव 1970 सालच्या त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे.