तळ्याकाठची पेठ

पुण्याच्या पश्चिमेस, सुतारवाडीलगत पाषाणचा तलाव आहे. रामनदीचे पाणी अडवून तो ब्रिटिश काळात बांधला गेला. पुढे शहराने त्याला चहूबाजूंनी वेढले. तरीही हिवाळ्याच्या सकाळी तेथे तासभर स्वस्थ बसणाऱ्यास एक निराळीच पेठ भरलेली दिसते.

या पेठेत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. काठच्या चिखलात लांब तांबड्या पायांचा शेकाट्या किडे टिपतो. त्यापुढील उथळ पाण्यात हळदी-कुंकू बदक मान बुडवून पाणवनस्पती खाते. उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येणारा थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून सूक्ष्म जीव वेचतो. कपाळावर पांढरा टिळा मिरवणारा काळा वारकरी आणि चिमुकली टिबुकली बुडी मारतात. पाणकावळा खोल पाण्यात मासे पकडतो व नंतर ओले पंख पसरून उन्हात वाळवतो. एकाच तळ्यावर इतके उदरनिर्वाह चालतात, कारण पाण्याची खोली आणि चोचीची घडण यांनुसार प्रत्येकाचा घास वेगळा असतो.

म्हणूनच तळ्याचा काठ हे या पेठेचे खरे भांडवल होय. सुशोभीकरणाच्या नावाखाली उतरता काठ खणून तेथे दगडी भिंत उभारली, की चिखल व उथळ पाणी एकदमच नाहीसे होते. पाण्याचा विस्तार तेवढाच दिसतो. मात्र काठावरची सारी दुकाने बंद पडतात. लव्हाळी कापली, की घरटी उघडी पडतात. सांडपाणी मिसळले, की जलपर्णी माजते, पाण्यावर छत धरते आणि खालचा प्राणवायू घटवते.

पक्ष्यांसाठी अंगणात पाणी व दाणे ठेवणे ही आपल्या घरांची जुनी रीत. तळ्याकाठी मात्र या रीतीचा वेगळा विचार करावा लागतो. पाव, फरसाण किंवा शेव यांनी पक्ष्याचे पोट भरते, पोषण होत नाही; उरलेले पाण्यात कुजते आणि तेच पाणी बिघडवते. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या दीर्घ प्रवासास निघणाऱ्या पाहुण्यांना अंगी चरबी साठवावी लागते. ती त्यांच्या नैसर्गिक आहारातूनच साठते. फोटोसाठी थवा उडविला, तर त्या शिदोरीतलाच काही भाग वाया जातो. तेथे हात आवरणे हेच दान ठरते.

पक्षिनिरीक्षणास खर्च फारसा नाही. ८×४२ ची दुर्बीण, एक वही आणि मळकट रंगाचे कपडे एवढे पुरे. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास उत्तम. सूर्य पाठीशी ठेवून बसावे. तारीख, वेळ, जात आणि संख्या लिहून ठेवावी. रोजकीर्द लिहिण्याची सवय असलेल्या घरांना हे अवघड नाही. अशा नोंदी वर्षानुवर्षे जुळल्या, म्हणजे कोणता पाहुणा येईनासा झाला हे कळते, आणि काठ वाचविण्यासाठी पालिकेपुढे बोलताना हाती पुरावा असतो.

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. दिवाळीच्या सुटीच्या आसपासच तो येतो. मुलांच्या हाती कोरी वही देऊन जवळच्या तळ्यावर जाण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता?